यंत्र औषध देईल. जबाबदारी कोण घेईल?

रुग्णालयांत आणि औषधांच्या दुकानांत गोळ्या-इंजेक्शने देण्याचे काम स्वयंचलित यंत्रांकडे सोपवावे, असा आग्रह आता आपल्या देशातही धरला जात आहे. ‘औषधांचे एटीएम’ ही कल्पना अधूनमधून मांडली जाते. माणूस चुकतो, यंत्र चुकत नाही. शिवाय खर्च वाचतो, असे तिचे समर्थन असते. अमेरिकेतील रुग्णालयांत अशी संगणकीय औषध-कपाटे १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून वापरात आली. तेथील एक प्रकरण या समर्थनाच्या संदर्भात मुळातून पाहण्याजोगे आहे.

डिसेंबर २०१७ मध्ये नॅशव्हिल येथील व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या रुग्णालयात ७५ वर्षांच्या एका स्त्रीची तपासणी व्हायची होती. बंदिस्त यंत्रात तिला भीती वाटू नये म्हणून डॉक्टरांनी ‘वर्सेड’ हे शामक औषध लिहून दिले. परिचारिकेने कपाटाच्या पडद्यावर नावाची पहिली दोन अक्षरे टाकली. परंतु कपाट मूळ रासायनिक नावांनी शोध घेत होते आणि वर्सेडचे ते नाव ‘मिडाझोलाम’ आहे. औषध सापडेना, तेव्हा ‘ओव्हरराइड’ ही सोय वापरून तिने कुलूप डावलले आणि त्याच दोन अक्षरांनी सुरू होणारे ‘व्हेक्युरोनियम’ हाती आले. हे औषध श्वासाच्या स्नायूंसकट सारे स्नायू लुळे पाडते. रुग्ण दगावली.

परिचारिकेने यंत्राचे इशारे आणि बाटलीवरील सूचना नजरेआड केल्या हे खरे, आणि तिनेही ते नाकारले नाही. पण नवी संगणक व्यवस्था बसवल्यानंतर त्या काळात कुलूप डावलून औषध काढणे हा तेथे नित्याचा प्रकार झाला होता, असे खटल्यात पुढे आले. या चुकीच्या जबाबदारीचा मोठा भार रुग्णालयावर येतो, अशी साक्ष सरकारी पक्षाच्याच तपास अधिकाऱ्याने दिली. रुग्णालयाने मात्र मृत्यूची नोंद करताना औषधाच्या चुकीचा उल्लेख केला नव्हता आणि कुटुंबाशी न्यायालयाबाहेर तडजोड करून घेतली होती. मार्च २०२२ मध्ये परिचारिका फौजदारी गुन्ह्यात दोषी ठरली. मे महिन्यात तिला तीन वर्षांच्या परिवीक्षेची शिक्षा सुनावली गेली, तेव्हा न्यायालयाबाहेर देशभरातून आलेल्या परिचारिका निदर्शने करीत होत्या. रुग्णालयावर फौजदारी खटला झाला नाही.

कपाट कोणते घ्यावे, ते कसे जुळवावे, एका परिचारिकेकडे किती काम द्यावे, हे सारे व्यवस्थापनाने ठरवले. चूक झाल्यावर मात्र उरली ती एकटी नोकरदार स्त्री! भांडवलदारी व्यवस्थेत यंत्राचा लाभ मालकाकडे जातो आणि त्याचा धोका कामगाराच्या डोक्यावर बसतो, याचा याहून उघड दाखला शोधावा लागणार नाही.

यावरून आम्ही यंत्राचे शत्रू आहोत, असा कांगावा होईल. तो नवा नाही; १९६० च्या दशकात आयुर्विमा कर्मचारी स्वयंचलनाविरुद्ध उभे राहिले तेव्हाही तो झाला होता. यंत्र आणि यंत्राचा भांडवली वापर यांत मार्क्सने केलेला भेद आमच्या सभासदांना पुन्हा समजावून सांगण्याची गरज नाही. तामिळनाडूत १९९४ मध्ये स्थापन झालेल्या राज्य वैद्यकीय सेवा महामंडळाने औषधांची खरेदी एकत्रित केली, जिल्हावार गोदामे उभारून त्यांचे साठे संगणकावर आणले आणि प्रत्येक सरकारी रुग्णालयाला त्याच्या वाट्याचे पासबुक दिले. कोठे काय संपत आले हे त्यामुळे वेळेवर कळू लागले. संगणक येथेही आहेच. फरक आहे तो हेतूचा.

आपल्याकडील खरे दुखणे औषध देणाऱ्या हाताचे नाही, रिकाम्या फळीचे आहे. ऑक्टोबर २०२३ च्या आरंभी नांदेडच्या सरकारी रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भके होती. औषधे बाहेरून विकत आणावी लागली, असे नातेवाईक सांगत होते. सरकार टंचाई नाकारत होते. महाराष्ट्रात २०१७ पासून हाफकिन महामंडळाकडे असलेली खरेदी २०२३ मध्ये नव्या प्राधिकरणाकडे गेली. पाट्या बदलल्या. अशा रुग्णालयात उद्या लखलखीत यंत्र आणून ठेवले, तर ते रिकामा खण तेवढा सफाईने उघडून दाखवील!

१९४८ च्या फार्मसी कायद्यानुसार डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषध देण्याचे काम नोंदणीकृत औषधनिर्मात्याचे आहे. प्रत्यक्षात प्रमाणपत्र दुकानाच्या भिंतीवर आणि त्याचा धनी भलतीकडेच, हा प्रकार सर्वांना ठाऊक आहे. सरकारी दवाखान्यांत ही पदे रिक्त ठेवली जातात किंवा कंत्राटावर भरली जातात. कायद्याची ही तरतूद यंत्राच्या नावाखाली सैल करण्याचा प्रयत्न झाल्यास त्याला विरोध केलाच पाहिजे. चिठ्ठीतील चुकीचा डोस पाहून डॉक्टरांना उलट विचारणारा, निरक्षर म्हातारीला कोणती गोळी जेवणाआधी आणि कोणती नंतर हे तिच्या भाषेत सांगणारा माणूस त्या जागेवर हवा.

औषधनिर्मात्यांची सर्व मंजूर पदे कायमस्वरूपी भरावीत. यंत्र बसवायचे तर परिचारिका आणि औषधनिर्माते यांच्या संघटनांशी आधी चर्चा करावी. आणि यंत्रामुळे घडलेल्या चुकीची जबाबदारी व्यवस्थापनावर राहील, असे नियमांत स्पष्ट लिहावे, या मागण्या आमच्या कामगार संघटनांनी आतापासूनच लावून धरल्या पाहिजेत. राज्यांचे अर्थसंकल्प मांडले जातील तेव्हा आपापल्या जिल्ह्यातील रिक्त पदांचे आणि रुग्णालयांत न मिळणाऱ्या औषधांचे आकडे शाखांच्या हाती तयार हवेत.