आधी सोसलेलीचा सल्ला

१९५२ साली न्यूयॉर्कमध्ये टेरेस लॅसर यांचा स्तन शस्त्रक्रियेने काढावा लागला. हात पुन्हा कसा उचलायचा, ब्लाउज कसा बसवायचा, हे सांगणारे कुणी नव्हते. मग त्या स्वतःच इतर रुग्ण स्त्रियांच्या खाटांपाशी जाऊ लागल्या. सोबत व्यायामाचा चेंडू, दोरी आणि तात्पुरता कृत्रिम स्तन. अनेक डॉक्टरांना ती लुडबूड वाटली. पण १९६९ मध्ये अमेरिकन कॅन्सर सोसायटीने हा ‘रीच टू रिकव्हरी’ उपक्रम आपलासा केला.

भारतीय स्त्रियांमध्ये आज सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचाच आहे. परळच्या टाटा रुग्णालयात विदर्भ-मराठवाड्यातून आलेली बाई डॉक्टरांना केमोची तारीख विचारते. केस गेल्यावर भाचीच्या लग्नाला जावे का, सूज आलेल्या हाताने कळशी उचलावी का, नवऱ्याशी कसे बोलावे, हे ती ओपीडीच्या गर्दीत विचारणार कशी? यातून गेलेल्या बाईला मात्र ती विचारते.

ही सोबत योगायोगावर सोडू नये. कर्करोग रुग्णालयांनी अशा अनुभवी स्त्रियांना प्रशिक्षण, प्रवासखर्च आणि बोलायला आडोशाची खोली द्यावी. औषधाचा सल्ला द्यायचा नाही, कुणाची गोष्ट बाहेर न्यायची नाही, हे नियम कडकच हवेत. आणि ज्यांचा आजार शरीरात पसरला आहे, त्यांच्यासाठी स्वतंत्र गट हवा. ‘मी बरी झाले, तूही होशील’ हा धीर त्यांना अधिकच एकटे पाडतो. त्यांना त्याच वाटेवरची सोबतीण मिळायला हवी.