किमतीशेजारी अटही छापा

प्रति,
मुख्य आयुक्त,
केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, नवी दिल्ली



मेघना गुलझार यांचा ‘राझी’ हा चित्रपट मे २०१८ मध्ये आला. हेरपटात शत्रूला बहुधा चेहरा नसतो. इथे सहमत ही भारतीय हेर ज्या पाकिस्तानी घरात सून म्हणून जाते, तिथली माणसं तिला जीव लावतात आणि तीच माया तिच्या कामाच्या आड येते. ती हेर असल्याचं घरचा जुना नोकर अब्दुल ओळखतो, तेव्हा ती त्याला जीपखाली चिरडते. त्यानंतरचा सहमत झालेल्या आलिया भटचा चेहरा बघवत नाही. आपल्या अमृता खानविलकरची मुनीराही मला फार आवडते. मोजक्याच प्रसंगांत तिने थोरल्या जावेचा जिव्हाळा उभा केला आहे. शेवट ठाऊक झाल्यावर हा चित्रपट पुन्हा पाहावा आणि या वेळी सहमतकडे नव्हे, तिच्या आसपासच्या माणसांकडे बघावं.

म्हणूनच मी तो विकत घेतला. वर्गणीच्या सेवांवर चित्रपट आज असतो, उद्या नसतो. एका ऑनलाइन दुकानात ‘भाड्याने’ आणि ‘विकत’ असे दोन दर होते. मी विकतचा, तोही एचडीचा दर मोजला. सोबत पाहणाऱ्या माझ्या मावशीला कमी ऐकू येतं, त्यामुळे तिला सबटायटल्स लागतात. टीव्हीवर चित्रपट लावला, चित्र सुरेख आलं, पण सबटायटल्सचा पर्यायच सापडेना. लॅपटॉपवर सबटायटल्स दिसली, पण चित्र धूसर. चौकशी केली तेव्हा कळलं की चित्रपट कुलूपबंद स्वरूपात येतो, आणि उपकरणात ठरावीक दर्जाची सुरक्षा व्यवस्था नसेल तर दुकान मुद्दाम कमी प्रतीचं चित्र पाठवतं. पैसे एचडीचेच घेतले होते. पैसे परत मागितले तर उत्तरादाखल लांबलचक अटींचा दुवा आला. मावशीने चित्रपट अर्ध्यावर सोडला, याचं मला फार वाईट वाटलं.

कुलपाला माझा विरोध नाही. शेकडो लोकांच्या मेहनतीची चोरी थांबलीच पाहिजे. पण कुलूप कुठल्या उपकरणावर उघडेल, चित्र कोणत्या प्रतीचं दिसेल, सबटायटल्स कुठे चालतील, हे पैसे घेण्याआधी सांगायला काय हरकत आहे? पंख्याच्या खोक्यावरसुद्धा तो किती वीज खातो ते छापलेलं असतं.

याहून मोठा प्रश्न चित्रपट हातात राहण्याचा आहे. आपण विकत घेतो तो फक्त पाहण्याचा परवाना, आणि दुकानाचा निर्मात्याशी असलेला करार संपला की तोही डळमळतो. २०२२ मध्ये जर्मनी आणि ऑस्ट्रियातल्या प्लेस्टेशन ग्राहकांना स्टुडिओकॅनालचे चित्रपट, पैसे भरलेले असूनही, आपल्या यादीतून जाणार असल्याचं कळवण्यात आलं. २०२३ च्या डिसेंबरात प्लेस्टेशननेच डिस्कव्हरीच्या विकलेल्या मालिका काढून घेण्याचं जाहीर केलं. पुढे करार वाढला म्हणून त्या वाचल्या, पण ग्राहकाच्या हक्कामुळे नव्हे. २००७ च्या सुमारास मोझर बेअरने २८ रुपयांना व्हीसीडी विकायला काढल्या होत्या. ती तबकडी शेजाऱ्यांना देता यायची, लेकीच्या सासरी पाठवता यायची आणि कंपनीला ती परत मागता येत नव्हती. आज कितीतरी पट पैसे मोजून यातलं काहीच मिळत नाही.

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून याबाबत कायदा लागू आहे. ग्राहकाला कायमस्वरूपी उतरवून ठेवता येत नाही अशी डिजिटल वस्तू ‘विकत घ्या’ म्हणून विकायची, तर हा केवळ परवाना आहे, हे विक्रीच्या वेळीच साध्या भाषेत सांगावं लागतं. आपल्याकडे अशी नेमकी सक्ती नाही. ती आणण्याचा मार्ग तुमच्या हातात आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्हाला मार्गदर्शक तत्त्वं काढण्याचा अधिकार दिला आहे, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तुम्ही तो वापरलाही. ग्राहकाला चकवणाऱ्या ‘डार्क पॅटर्न’चे १३ प्रकार नावानिशी सांगून तुम्ही त्यांना मनाई केली. ग्राहकाच्या टोपलीत न विचारता वस्तू सरकवणं चूक, हे ज्या प्राधिकरणाने ठामपणे सांगितलं, त्याच्याकडून मी याही बाबतीत अपेक्षा ठेवतो.

माझं मागणं असं आहे. परवान्याची अट, चित्राची प्रत आणि सबटायटल्सची माहिती दराशेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरात, मराठीसह भारतीय भाषांत द्यायला लावा. विकलेला चित्रपट काढून घ्यायचा झाला तर आधी पुरेशी मुदत द्यावी, ग्राहकाला तो उतरवून कायम ठेवू द्यावा, आणि ते जमत नसेल तर पूर्ण रक्कम त्याच्या बँक खात्यात जमा करावी. पुढच्या खरेदीसाठीचं कूपन हा परतावा धरू नये. डार्क पॅटर्नच्या वेळी मसुदा काढून लोकांच्या सूचना मागवल्या होत्या, तसंच आताही करा. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या जुन्या संघटनांबरोबर बहिऱ्या आणि कमी ऐकू येणाऱ्या प्रेक्षकांच्या संस्थांनाही त्या चर्चेला बोलवा.

आपला,
पुण्यातील एक ग्राहक