मुंबईचा आमान्सिओ

आमान्सिओ डिसिल्वा हे नाव आपल्याकडच्या संगीतचर्चेत फारसं निघत नाही, याची मला मनापासून खंत वाटते. गोवेकर घरातला हा जॅझ गिटारवादक १९३६ साली मुंबईत जन्मला आणि पुढे लंडनला गेला. तिथे १९६९ साली जमैकाचा सॅक्सोफोनवादक जो हॅरियट याच्याबरोबर त्याने ‘हम दोनो’ ही तबकडी केली. तिच्यातलं ‘बॅलड फॉर गोवा’ निवांत ऐकाच! जॅझची चाल न सोडता आमान्सिओ सुरांना आपल्या रागदारीची वळणं देतो, आणि ती कुठेही चिकटवल्यासारखी वाटत नाहीत. त्याची ‘कोंकण डान्स’ ही तबकडी मात्र ध्वनिमुद्रित होऊनही त्याच्या हयातीत बाजारात आली नाही. तो १९९६ साली गेला; तबकडी निघाली २००६ साली.