पाचनईला मिळतं ते पुण्याहून कशाला न्यायचं?

दिवाळी सरली की कॉलेजची मुलंमुली सॅक भरायला घेतात आणि मला विचारणा सुरू होते. तंबू कुठला घेऊ, छोटा गॅस लागेल का, सॅक साठ लिटरची बरी की सत्तरची? भाड्याचे शंभर-दीडशे रुपये वाचावेत म्हणून यांची रात्रभर एसटीत उभं राहायची तयारी असते, आणि त्याच दोन दिवसांसाठी दुकानात काही हजार मोडून येतात. स्वस्त भटकंतीचं गणित इथेच बिघडतं.

हरिश्चंद्रगडाचंच घ्या. अकोले तालुक्यातल्या पाचनईत घरोघरी जेवणाची सोय होते, रात्री ओसरीवर पथारी टाकायला जागा मिळते. चुलीवरची भाकरी, पिठलं, ठेचा, पहाटे चहा. मग तंबू, गॅस, पातेली, नूडल्सची पाकिटं कशासाठी वाहायची? ती वगळली तर पाठीवरचे चार-पाच किलो सहज कमी होतात, आणि जेवणाचे पैसे ज्या गावाच्या अंगाखांद्यावरून आपण वर जातो त्या गावात राहतात. गावात एक रुपया खर्च न करता गडावर फक्त पाकिटांचे कागद टाकून येणं, याला मी काटकसर म्हणणार नाही. माझा नियम साधा आहे: पायथ्याला मिळतं ते घरून न्यायचं नाही, आणि पायथ्याला मिळत नाही त्यात हात आखडायचा नाही.

पायथ्याला मिळत नाहीत ते आपल्या मापाचे बूट. पैसे घालायचे तर इथे. महागच हवेत असं नाही. ‘अ‍ॅक्शन’च्या ट्रेकिंग बुटांवर सह्याद्रीतल्या कितीतरी जणांनी वर्षानुवर्षं गड पालथे घातले आहेत. मात्र बूट घ्यायला संध्याकाळी जा, कारण दिवसभराच्या चालण्याने पाय थोडे सुजलेले असतात. जाड मोजे घालूनच माप बघा. दुकानात उतार किंवा पायरी असेल तर खाली तोंड करून उभे राहा. अंगठा पुढे टेकला, तर ते माप तुमचं नव्हे. गड चढताना हे कळत नाही. उतरताना प्रत्येक पावलाला अंगठ्याचं नख बुटावर आपटतं आणि घरी येईपर्यंत काळंनिळं होतं. निघायच्या आदल्या दिवशी नखं कापा, आणि नवे बूट आधी आठ-पंधरा दिवस रोजच्या चालण्यात वापरा.

दुसरी वस्तू टॉर्च, तीही डोक्याला बांधायची. मोबाइलच्या उजेडावर विसंबलात की बॅटरी उतरते आणि एक हात अडकतो. कातळटप्प्यावर दोन्ही हात मोकळे लागतात. सॅकमध्ये ठेवताना एक सेल उलटा घाला, म्हणजे बटण दाबलं जाऊन ती आतल्या आत जळत राहणार नाही.

सॅक मागून आणली तरी चालते. विकतच घ्यायची तर दुकानात रिकामी पाठीला लावून आरशात बघू नका. आत वजन भरायला सांगा, कमरेचा पट्टा आवळा आणि भार खांद्यांवरून कमरेवर उतरतो का ते पाहा. दोन मुक्कामांना चाळीस लिटर भरपूर झाली. अंथरूण तळाशी, जड सामान पाठीलगत, आणि या सगळ्याला आतून कचऱ्याची एक मोठी काळी पिशवी. पावसाळ्यात वरचं कव्हर असूनही पाठीकडून पाणी झिरपतंच. ती पिशवी कपडे कोरडे ठेवते.

जीन्स घरी ठेवा. भिजली की दिवसभर वाळत नाही आणि मांड्या सोलवटते. जाडजूड टॉवेलऐवजी पंचा घ्या. अंग पुसायला तो, उन्हात डोक्याला तो, पाय मुरगळला तर बांधायलाही तोच, आणि पिळून सॅकवर टाकला की चालता चालता वाळतो. थंडीचा अंदाज मात्र मुंबईच्या हवेवरून करू नका. दर हजार मीटरला पारा साधारण 6.5 अंशांनी उतरतो. हरिश्चंद्रगड 1,424 मीटर उंच आहे, आणि गडाच्या कोकणकड्यावर त्यात वाऱ्याची भर. घरातला लोकरी स्वेटर आणि कानटोपी पुरते, नवं जॅकेट नको.

वाटेत खायला दशम्या, गूळ, शेंगदाणे. दशमीचं पीठ दुधात भिजवलेलं असल्याने ती दुसऱ्या दिवशीही मऊ राहते. पाणी माणशी निदान दोन-तीन लिटर. ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. ती पेलाभर पाण्यात ढवळून पिणारे मी अनेकदा पाहतो, तसं करू नका. पुडी नसेल तर लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा.

सामानाच्या याद्या बहुधा पुरुष लिहितात, म्हणून त्यांत सॅनिटरी पॅड नसतात. तारीख जवळ नसली तरी मुलींनी ते ठेवावेत. चालण्याच्या दगदगीने पाळी मागेपुढे होऊ शकते. सोबत जुनं वर्तमानपत्र आणि घट्ट बंद होणारी पिशवीही हवी. वापरलेले पॅड गडावर पुरू नका, जाळू नका, परत आणा.

शेवटी रोकड. डोंगराच्या कुशीत रेंज गेली की मोबाइलवरून पैसे जात नाहीत आणि ज्या माउलीने पहाटे उठून भाकऱ्या थापल्या तिला ‘नंतर पाठवतो’ असं सांगायची वेळ येते. पन्नास-शंभरच्या नोटा प्लास्टिकच्या पिशवीत घालून सॅकच्या आतल्या कप्प्यात ठेवा, आणि जेवणाचे पैसे जेवण झाल्या झाल्या, गड चढायला निघण्याआधी द्या.