निनावी कबुलीजबाब

आवडत्या पुस्तकाविषयीचे खरे मत सांगताना माणसाने नाव का लपवावे? चोरी नाही, लबाडी नाही. ‘नायकापेक्षा मला त्याचा मित्र अधिक आवडतो’ एवढाच काय तो गुन्हा! पण इंटरनेटवर जमणाऱ्या चाहत्यांच्या मेळ्यात अशा कबुल्या पुष्कळदा निनावीच दिल्या जातात.

हॅरी पॉटरचेच उदाहरण घ्या. कथेतली बुद्धिमान हर्मायनी कोणाची, हॅरीची की रॉनची, यावरून चाहत्यांत दोन तट पडले. पानापानाचा कीस काढून पुरावे गोळा झाले. १६ जुलै २००५ रोजी मालिकेतले सहावे पुस्तक आले आणि लेखिका जे. के. रोलिंगबाईंचे माप रॉनच्या पदरात पडणार, हे उघड झाले. एका तटाने गुढ्या उभारल्या. दुसऱ्याची यथेच्छ टवाळी झाली. ‘मला ही जोडी अजूनही पटत नाही’ असे स्वतःच्या नावाने म्हणायला आता धैर्य लागू लागले.

आणि गंमत पाहा! २०१४ साली रोलिंगबाईंनीच एका मुलाखतीत सांगून टाकले, की ही जोडी जमली ती साहित्यिक कारणांपेक्षा, मनात प्रथम आलेल्या कथानकाला आपण चिकटून राहिलो म्हणून. मुलाखत घेणारी होती एमा वॉटसन, म्हणजे पडद्यावरची हर्मायनीच!

जे लेखिकेला नावानिशी म्हणता आले, ते वाचकाला का म्हणता येऊ नये? कारण त्याला भय लेखिकेचे नसतेच. ते असते शेजारच्या भक्ताचे. देव भोळा असतो. कडक असते ते पुजाऱ्याचे सोवळे!

अर्थात पडद्याआडून कबुल्यांबरोबर धोंडेही येतात. नाव झाकून स्वतःचे मन उघडे करणे निराळे आणि नाव झाकून दुसऱ्याचे मन दुखावणे निराळे. पहिला संकोच आहे. दुसरा निव्वळ भ्याडपणा.

तेव्हा वाचकहो, या दिवाळीत फराळाच्या ताटाभोवती वाद रंगला आणि घरातल्या एखाद्या मुलीने सर्वांच्या लाडक्या पुस्तकाविषयी वेगळेच मत दिले, तर तिला हसू नका. हसलात म्हणून ती बोलायची थांबणार नाही. ती बोलेल; पण तुमच्याशी नव्हे, आणि आपल्या नावानेही नव्हे.