घरीच असते? मग कापूस वेचला कोणी?



जनगणनेचा प्रगणक गावात येतो. बहुधा शाळेतले गुरुजीच असतात. ओसरीवर बसून ते विचारतात, घरात माणसे किती, कोण काय काम करतो? घरधनी स्वतःचे सांगतो, "शेती." मालकिणीचे विचारले की उत्तर येते, "ती काही करत नाही, घरीच असते." गुरुजी तसे लिहून घेतात आणि सरकारी कागदावर ती बाई काम न करणाऱ्यांत जमा होते. त्या वेळी ती असते कुठे? फेब्रुवारी महिना असतो. ती शेतात पऱ्हाटी उपटत असते.

कायदा आडवा येतो म्हणावे, तर तसेही नाही. २०११ च्या जनगणनेत वर्षातले सहा महिने किंवा जास्त काम करणारा तो मुख्य कामगार आणि त्याहून कमी करणारा तो सीमांतिक, अशी व्याख्या होती. घरच्या शेतात बिनमजुरीचे राबणे हेही कामच धरले होते. जमीन घरची असो, बटईची असो की ठोक्याची, ती कसणारा तो शेतकरी. त्यासाठी सातबाऱ्यावर नाव लागत नाही.

आता कोरडवाहू गावातल्या बाईचे दिवस मोजा. मृगात सरकी टोबणे. मग निंदण, खत देणे, पुन्हा निंदण. फवारणी असेल तेव्हा पाणी वाहणे. दिवाळीच्या सुमारास पहिली वेचणी लागते आणि एकेक वेचा करत ती संक्रांतीपलीकडे जाते. मध्येच ज्वारीची कणसे खुडायची, कडब्याच्या पेंढ्या बांधायच्या. शेवटी पऱ्हाटी आणि धसकटे. घरचे काम नसेल त्या दिवशी दुसऱ्याच्या शेतात किलोवर वेचणी. हे दिवस तुकड्यातुकड्यांत येतात, म्हणून कोणी त्यांची बेरीज करत नाही. बेरीज केली तर सहा महिने सहज भरणाऱ्या बाया प्रत्येक गावात सापडतील.

आकडे काय सांगतात तेही पाहा. २००१ साली महाराष्ट्रात शेतकरी होते सुमारे १ कोटी १८ लाख आणि शेतमजूर १ कोटी ८ लाख. २०११ मध्ये शेतकरी झाले १ कोटी २६ लाख, तर मजूर १ कोटी ३५ लाख. दहा वर्षांत मजुरांचे पारडे जड झाले. देशभरात तर शेतकऱ्यांची संख्या ८५ लाखांच्या आसपास घटली. दोन एकर कोरडवाहूवर पोट भरत नाही, म्हणून मालकच मजुरीला जातो. धोरण ठरवणाऱ्यांपुढे ही गोष्ट यायची तर गावातले काम खरे लिहिले गेले पाहिजे.

जनगणनेवरून कापसाचा भाव ठरत नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण खोड एकच आहे. उत्पादन खर्च विचारला की आपण बियाणे, खत, औषध, मजुरी धडाधड सांगतो. घरच्या बाईची वेचणी त्यात धरत नाही. कृषिमूल्य आयोगाच्या खर्चात कुटुंबाच्या श्रमाचा स्वतंत्र रकाना आहे. सरकारने तरी तो मांडला. आपल्या वहीत तो अजून कोराच आहे. घरच्यांनीच फुकट ठरवलेल्या घामाचे दाम बाजाराकडे कोणत्या तोंडाने मागायचे?

२०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढच्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही तारीख धरणारी अधिसूचना १६ जून २०२५ रोजी निघाली. म्हणून आमचे सांगणे दोनच गोष्टींचे आहे. येत्या हंगामात प्रत्येक घरात मालकिणीच्या कामाचे दिवस वहीत मांडा. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या पोरीकडून मांडून घ्या. आणि प्रगणक दारात आला की तिच्या कामाचे उत्तर तिलाच देऊ द्या. "मी शेतकरी आहे," एवढे तिने सांगावे आणि घरधन्याने मान डोलवावी.