बटाट्याचं बजेट

पगाराचा मेसेज आला की पहिले चार दिवस आपण राजे असतो. मग हप्ता जातो, घरभाडं जातं, मित्राच्या बर्थडेची वर्गणी जाते. वीस तारखेला ठाणे स्टेशनबाहेर उभं राहून वागळे इस्टेटला शेअर रिक्षाने जायचं की बसने, यावर मनातल्या मनात चर्चासत्र सुरू! बॉस, हाच ड्रामा कुणी गेममध्ये घातला तर?

घातलाय. नाव ‘ब्रोटॅटो’. ब्लॉबफिश या छोट्याशा फ्रेंच स्टुडिओचा हा गेम २०२२ मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसमध्ये आला आणि २०२३ मध्ये पूर्ण झाला. हीरो कोण? चक्क एक बटाटा! परग्रहावर यान कोसळलंय, मदत येईपर्यंत तग धरायचाय. हातात एकदम सहा शस्त्रं.

खानदान तसं जुनं. १९८२ च्या ‘रोबोट्रॉन २०८४’ मध्ये दोन जॉयस्टिक होत्या. एकीने पळा, दुसरीने झाडा. १९९० च्या ‘स्मॅश टीव्ही’त मारामारी करता करता नोटा आणि बक्षिसं गोळा करायची. पण तिथे पैसा म्हणजे फक्त स्कोअर. ब्रोटॅटोत पैसा हाच खरा खेळ. बंदुका तर आपोआप चालतात (हवं तर नेम स्वतः धरा). त्यामुळे मोबाइलवर एका अंगठ्यात काम होतं. डोंबिवली फास्टमध्ये दुसरा हात कडी धरायला मोकळा!

फेऱ्या २०. पहिली २० सेकंदांची, शेवटची ९०. शत्रू मेला की हिरवे तुकडे पडतात, तेच चलन. फेरी संपली की दुकान. समोर चार वस्तू. पसंत नाहीत? पैसे मोजा, नव्या चार बघा. पण दर वेळी ही फी वाढते. शिवाय फेरीगणिक महागाई आहेच. उधारी मात्र अजिबात नाही.

आता खरी गंमत. दुकानात ‘पिगी बँक’ मिळते. फेरीच्या सुरुवातीला ती शिलकीवर २० टक्के देते. म्हणजे १०० तुकडे हात न लावता ठेवले, तर पाच फेऱ्यांत जवळपास २४८! सॉलिड ना? पण पैसे साठवत बसलात आणि बंदुका फुटकळच राहिल्या, तर आठव्या फेरीत भरल्या खिशाने मराल. उलट सगळं उडवलंत तर पंधराव्या फेरीत काहीच परवडत नाही. ‘हार्वेस्टिंग’ वाढवलंत तर फेरीच्या शेवटी बसल्या जागी उत्पन्न मिळतं आणि तेही दर फेरीला वाढत जातं. मात्र हे तिसऱ्या फेरीत घेतलं तर सोनं, अठराव्या फेरीत घेतलं तर माती.

एसआयपीवाला एजंट तासभर समजावतो, ते हा बटाटा अर्ध्या तासात शिकवतो. आपल्या वागळे इस्टेटला हे नवीन नाही म्हणा. एमआयडीसी १९६२ मध्ये स्थापन झाली आणि ही तिची पहिली औद्योगिक वसाहत. इथे मशीनवर राबणाऱ्या पिढीकडे अ‍ॅप नव्हतं. भिशी होती, पतपेढी होती, पीएफ होता. आज त्याच रस्त्यांवर आयटी पार्क आहेत आणि फोनचाही हप्ता आहे.

फक्त एक गोष्ट विसरू नका. बटाट्याला आईवडील नाहीत, गावी पैसे पाठवायचे नाहीत, बहिणीचं लग्न नाही. आणि त्याला माहीत असतं की विसावी फेरी शेवटची. आपली कितवी चालू आहे, हे आपल्याला कुणी सांगत नाही. त्यामुळे नुसतं साठवणंही चूक आणि नुसतं उडवणंही. चार दिवस मजेत घालवायचे पैसेही बजेटमध्येच धरायचे.

आणि हो, पहिल्यांदा खेळणार असाल तर एक टिप. पहिल्या दोन-तीन दुकानांत आधी शस्त्रं घ्या, पिगी बँक त्यानंतर. जिवंत राहिलात तर व्याज मिळेल ना यार!